वाचकांचे प्रश्न : उन्हातल्या वाफ्यात परमनंट काय लावू?

ह्या महिन्यात पत्रांचा ढीग आलाय आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रडगाणं, घरासमोर थोडी जागा आहे, ऊन भरपूर आहे, दरवर्षी नवीन रोपं आणून आणून कंटाळा आला, एकदा लावलं की राहील असं काहीतरी सांगा. नर्सरीवाल्यांच्या भाषेत 'परमनंट'. पुस्तकात ह्याला बहुवर्षायू म्हणतात, पण ते म्हणताना माझीच जीभ अडखळते, तर आपण परमनंटच म्हणू. पहिलं पत्र मुद्दाम सविस्तर घेतलंय कारण त्यातली चूक मीही केलेली आहे.

बारामतीहून एक वाचक : ताई, बंगल्याच्या दक्षिणेच्या कंपाउंडला लागून आतल्या बाजूने १२ बाय ४ फुटांचा वाफा आहे. माती काळी, कंपाउंड ५ फूट उंच. ऊन इतकं की मे महिन्यात तिथे अनवाणी उभं राहवत नाही. जानेवारीत पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंड्युलाची चाळीसेक रोपं आणली, ती नुसती लांबुडकी झाली, फुलं बेताची आली आणि एप्रिलमध्ये सगळं वाळून गेलं. आता कायमची फुलझाडं लावायचीत. कोणती लावू, किती अंतरावर?

दादा, तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी कागदावर तुमचं कंपाउंड काढलं. तुम्ही ऊन बघितलंत मे महिन्यात आणि रोपं लावलीत जानेवारीत, तिथेच सगळं फिसकटलं. आपल्याकडे डिसेंबरअखेरीला सूर्य दुपारी बारालासुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो, बारामतीच्या अक्षांशावर क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर. अशा वेळी ५ फुटांच्या भिंतीची सावली उत्तरेकडे साधारण साडेचार फूट पडते आणि तुमचा वाफा आहे ४ फूट. म्हणजे भर दुपारी आख्खा वाफा सावलीत, आणि सकाळ-संध्याकाळ तर सावली त्याहून लांब. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली दीड-पावणेदोन फुटांवर येते, आणि मेच्या मध्याला तो शून्य सावली दिवस असतो ना, शाळेची पोरं मैदानात काठी उभी करून बघतात, तेव्हा सूर्य बरोब्बर डोक्यावर. त्यानंतर जुलै संपेपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेलाच असतो. तुमची पिटुनिया बिचारी ऊन शोधत शोधत लांबली आणि ऊन आलं तेव्हा तिचा सीझन संपत आला होता.

तेव्हा तुमच्या वाफ्याला मार्च ते ऑक्टोबर फुलणारी झाडं हवीत, थंडीतली नकोत. (ज्यांच्या वाफ्याच्या उत्तरेला भिंत आहे आणि दक्षिण मोकळी आहे त्यांना वर्षभर ऊन मिळतं, त्यांनी हे सोडून पुढचं वाचलं तरी चालेल.)

आता निवड. भिंतीकडच्या रांगेत तीनच झाडं, चार-चार फुटांवर. दोन टोकांना गावठी लाल जास्वंद आणि मध्ये डबल तगर. ही भिंतीच्या वर डोकं काढतात त्यामुळे थंडीतही त्यांच्या शेंड्याला ऊन मिळतं. जास्वंद गावठीच घ्या. ते बशीएवढ्या फुलांचं हायब्रिड दिसायला झकास, पण मिलीबग, म्हणजे ती कापसासारखी पांढरी कीड, पहिल्यांदा त्याच्यावर चढतो आणि एका उन्हाळ्यात मान टाकतं. गावठीची पेन्सिलएवढी जाड फांदी जूनमध्ये कुणाकडून तरी मागून आणा, वीतभर तुकडा, खालची पानं काढून मातीत खोचायचा, लागतो. पुढच्या बाजूला मोगऱ्याची दोन झाडं आणि त्यांच्या मधल्या जागेत निशिगंधाचे कंद. कडेला रेन लिली, जी पावसाची पहिली सर पडली की चार दिवसांत गुलाबी होते. बस्स. तुम्हाला वाटेल एवढंच? १२ बाय ४ मध्ये एवढंच मावतं, दोन वर्षांनी बघा, कात्री घेऊन फिराल.

सदाफुली मी लिहिली नाही कारण ती लावावी लागत नाही, शेजारच्या गटाराच्या फटीतलं एक रोप उचलून आणा, पुढची ती स्वतःच पेरून घेते. गुलबक्षी मला फार आवडते, संध्याकाळी चार-पाचला उमलते, तो वास आला की आजोळचं मागचं दार आठवतं, पण ती वाफ्यात नको. खाली रताळ्यासारखं मूळ धरते आणि मग मोगऱ्याला जागा उरत नाही. एखाद्या कोपऱ्यात टाकून द्या आणि विसरा.

मातीचं मात्र मनावर घ्या. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. तिच्यात चार घमेली वाळू टाकून काही होत नाही, ती आणखीच विटेसारखी बसते. एप्रिलमध्ये एक-दीड फूट खणून ढेकळं मे महिनाभर उन्हात तापू द्या, मग आठ-दहा घमेली जाड मुरूम, तितकंच चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन किलो निंबोळी पेंड मिसळून वाफा जमिनीपासून आठ-नऊ इंच उचलून घ्या. भिंतीला माती टेकवू नका, अर्धा फूट पन्हळ सोडा, नाहीतर ओल आत जाईल आणि घरच्यांची बोलणी खावी लागतील. तुमच्याकडे उसाचं पाचट हवं तेवढं मिळेल, लागवडीनंतर त्याचा तीन इंच थर अंथरा, पण खोडाला चिकटवू नका.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. नर्सरीतलं रोप येतं ते चिकट लाल मातीच्या गोळ्यात. मी पहिल्या वर्षी पिशवी फाडून गोळा तसाच्या तसा काळ्या मातीत ठेवला, दररोज पाणी घातलं आणि तरी तगर वाळली. चिडून उपटली तर बाहेरची माती चिखल आणि आतला गोळा कोरडा खडखडीत, दगडासारखा, मुळं गोल गोल फिरून आतच राहिलेली. तेव्हापासून रोप आणलं की आधी गोळा बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवते, मग बाहेरचा थर बोटांनी हलकेच मोकळा करते, एक तृतीयांश माती गेली तरी चालते, आणि मग लावते. लागवड दोन-तीन बरे पाऊस झाल्यावर. तुमचा भाग तसा कमी पावसाचा, तेव्हा मृगाच्या भरवशावर राहू नका, पाईप हाताशी ठेवा.

मोगऱ्याचं वेगळं सांगते कारण ह्याच्यावर दरवर्षी पत्रं येतात की पानं हिरवीगार आणि कळी एक नाही. मोगऱ्याला थंडीत उपाशी ठेवावं लागतं. डिसेंबरअखेरीपासून पाणी तोडा, तीन-चार आठवडे, पानं मलूल झाली तरी हात आवरा. जानेवारीच्या शेवटी एक तृतीयांश छाटणी करून उरलेली पानंही ओरबाडून काढा, शेजारीण म्हणेल मारलंस बाई झाड, म्हणू दे. मग बुंध्याशी हलकी खुरपणी, शेणखत, आणि भरपूर पाणी. मार्चमध्ये नवीन फूट येते आणि तिच्याच टोकाला कळ्या. पहिल्या वर्षी मात्र हे करू नका, झाडाला आधी मूळ धरू दे.

नाशिकहून एक वाचक : शेवंती चार वर्षांची आहे. दोन वर्षं पिवळ्या फुलांनी वाकायची. मागच्या दोन वर्षांपासून नुसती पानं, तीन फूट वाढते, दिवाळी गेली, नाताळ गेला तरी कळी नाही. जागा तीच, ऊन तेच, खत तेच. काय बिनसलं?

काकू, तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की आता सोसायटीने पार्किंगला नवे एलईडी लावलेत त्यामुळे संध्याकाळी बागेत बसता येतं. तुम्हाला बसता येतं आणि शेवंतीला झोपता येत नाही! शेवंती रात्र मोजते. पावसाळ्यानंतर रात्र मोठी होत गेली की तिला कळतं आता फुलायचं, आणि रात्रभर पानांवर दिवा पडला तर तिच्या हिशेबी अजून उन्हाळाच चालू. पॉलिहाउसवाले हीच युक्ती मुद्दाम वापरतात, फूल उशिरा हवं असेल तर रात्री मध्येच दिवे लावतात.

सोसायटीशी भांडू नका, सुरक्षेचा प्रश्न म्हणून ते ऐकणारही नाहीत. झाड हलवा, नाहीतर ऑगस्टअखेरीपासून दिव्याच्या बाजूला काळं कापड लावलेला पडदा उभा करा. आणि चार वर्षांचं तेच खोड ठेवू नका, शेवंती परमनंट असली तरी जुनं खोड निबर होतं. फुलं संपल्यावर जमिनीपासून चार बोटांवर कापायची, मग बुंध्यातून ज्या काश्या, म्हणजे नवे कोंब, निघतात त्यातल्या ठसठशीत मुळांसकट काढून नवीन जागी लावायच्या, म्हणजे झाड तेच आणि तरुणही. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडत राहायचं, जुलैअखेरीपर्यंत, त्यानंतर हात लावायचा नाही.

नागपूरहून एक वाचक : तगरीवर एक भयंकर अळी निघाली. बोटापेक्षा जाड, हिरवी, तोंडाजवळ दोन निळे डोळे, शेपटीला काटा. मुलं घाबरली. तीन दिवसांत अर्धं झाड बोडकं. कुठलं औषध मारू?

मारू नका हो. ते डोळे डोळे नाहीतच, पाठीवरचे ठिपके आहेत, पक्ष्यांना घाबरवायचं सोंग. काटा पण मऊ असतो, टोचत नाही, मी हातावर घेऊन बघितलीय. ही एका मोठ्या पतंगाची अळी, कण्हेर, तगर, सदाफुली असलीच झाडं खाते. पुढे ती तपकिरी होते, खाली उतरते, पालापाचोळ्यात कोष करते आणि त्यातून जो पतंग निघतो तो गडद-फिका हिरवा, लष्करी कपड्यांसारखा, एकदा बघाल तर विसरणार नाही. तगरीचं काही बिघडत नाही, पंधरा दिवसांत नवी पालवी येते, उलट फुकटात छाटणी झाली समजा. रोप अगदीच लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर सोडा. सापडत नसेल तर खाली फरशीवर काळ्या मिरीएवढ्या लेंड्या दिसतील, त्याच्या बरोब्बर वर बघा, तिथेच असते.

लातूरहून एक वाचक : अनंताची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. कळ्या येतात आणि गळतात. चहाचा चोथा घातला, एप्सम सॉल्ट घातलं, ताक घातलं. आरओचं वाया जाणारं पाणीही मी अनंतालाच घालते.

ते आरओचं पाणी आजच्या आज बंद करा. बोअरच्या पाण्यातले जे क्षार फिल्टरने काढले ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यात असतात, म्हणजे तुम्ही अनंताला जास्त खारट पाणी पाजताय. फरशी पुसायला वापरा ते.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाची उपासमार आहे. आता तुमच्या मातीत लोह नाही असं नाही, आहे, पण चुनखडीच्या काळ्या मातीत ते अडकून बसतं, मुळाला उचलता येत नाही. पंगतीत बसलंय आणि हात बांधलेत. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं, त्याचा इथे उपयोग नाही. कृषी सेवा केंद्रातून हिराकस (फेरस सल्फेट, ह्यात लोह असतं) आणा, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळा, गाळून संध्याकाळी नव्या पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. फवारताना भिंत, फरशी जपा, गंजाचे डाग पडतात आणि मग जात नाहीत.

पण ही मलमपट्टी झाली, दर वर्षी करत बसावी लागेल. अनंताला आंबट माती लागते, तुमच्या जमिनीत तो कायम पाहुणाच राहणार. मोठ्या कुंडीत लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट भरून त्यात लावा, पावसाचं पाणी पिंपात साठवून जमेल तितके दिवस तेच द्या. आणि जमिनीत तुम्हाला पांढरं फूलच हवं असेल तर तगर लावून मोकळ्या व्हा. वास अनंताचा नाही, कबूल, पण रोज सकाळी देवाला फुलं आहेत.

न्यू जर्सीहून एक वाचक : घरासमोर दक्षिणेला उघडा, आठ तास उन्हाचा वाफा आहे. आईकडे होती तशी जास्वंद, मोगरा, कर्दळ लावली की थंडीत सगळं मरतं. इथे परमनंट असं काय?

तुमच्याकडे 'परमनंट' शब्दाचा अर्थच वेगळा आहे, झाड वरून मरतं आणि मूळ जमिनीखाली जिवंत राहून वसंतात परत फुटतं. रोप घेताना त्यावर हार्डिनेस झोन, म्हणजे ते किती थंडी सोसतं त्याचा आकडा, लिहिलेला असतो, आपल्या पिनकोडचा झोन बघून मगच घ्या, तुमच्या भागात बहुतेक ६ किंवा ७ निघेल. जास्वंद हवीच असेल तर तिथलीच थंडी सोसणारी जास्वंद मिळते, हार्डी हिबिस्कस, फूल ताटलीएवढं. फक्त धीर धरा, ती फार उशिरा उठते, मे अर्धा संपेपर्यंत नुसत्या वाळक्या काड्या दिसतात आणि लोक मेली म्हणून उपटून टाकतात. तिच्या जोडीला एकिनेशिया, रुडबेकिया, आणि पिओनी, जी इथे आम्ही कितीही जीव टाकला तरी फुलणार नाही कारण तिला थंडी लागते. ती लावताना तेवढं जपा, मुळावरचे लाल डोळे मातीखाली दीड-दोन इंचच हवेत, खोल गेले की वर्षानुवर्षं नुसती पानं. डेलिली लावायची असेल तर हरणं येतात का ते शेजाऱ्यांना आधी विचारा, हरणांना ती फार आवडते.

कर्दळीचा गड्डा मात्र सोडू नका. पहिल्या हिमाने पानं काळी पडली की गड्डा काढून, माती झटकून, खोक्यात बेसमेंटला, गोठणार नाही अशा जागी ठेवायचा आणि मेमध्ये परत बाहेर. मोगरा कुंडीत, थंडी सुरू व्हायच्या आधी आत, दक्षिणेच्या खिडकीत. पाणी अगदी कमी. असंही त्याला थंडीत उपाशी ठेवायचंच असतं.

सिंधुदुर्गातून एक वाचक : आमच्याकडे सदाफुली दर जुलैत सडते. ऊन भरपूर आहे पण पावसाचे चार महिने काय करणार?

काही करू नका, सदाफुली सडू दे, बी पडलेलं असतं, ऑक्टोबरात परत उगवेल. तुमच्या जांभ्याच्या लाल मातीत जे आनंदाने येतं ते आम्ही घाटावर कुंडीत लाड करून वाढवतो. एक्झोरा लावा, अबोली लावा (तिला दुपारनंतर थोडी सावली असेल तर जास्त खूश), मे फ्लॉवरचे कंद पुरा. परसात सांडपाणी जातं तिथे सोनटक्का आणि कर्दळ, त्यांना पाय ओले चालतात. आणि आधीच्या पत्रातल्या लातूरच्या ताईंचा अनंत तुमच्याकडे काही न करता येईल, त्यांना कळवू नका एवढंच.

ठाण्याहून एक वाचक : घरात दीड वर्षाचा नातू आणि एक कुत्रं आहे. उन्हात कण्हेर छान फुलते म्हणतात, लावू का?

नको. कण्हेरीचं पान, फूल, फांदी सगळं विषारी आहे, पिवळ्या बिट्टीचंही तसंच, आणि तिची फळं मुलांना खेळायला आवडतात हे जास्त वाईट. मूल ज्या वयात सगळं तोंडात घालतं तेवढी वर्षं तरी जास्वंद लावा. रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर लावतात ते गाई-गुरं तिला तोंड लावत नाहीत म्हणूनच.

फलटणहून एक वाचक : निशिगंधाला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी मस्त दांडे आले, आता नुसतं गवत.

गर्दी झालीय. एका कंदाचे वीस झालेत आणि सगळे एकाच ताटात जेवतायत. थंडीत पाणी तोडा, पानं पिवळी पडू द्या, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा गठ्ठा खणून काढा, कंद सुटे करा, महिनाभर सावलीत पसरून ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये दोन-अडीच इंच खोल, वीतभर अंतरावर परत लावा. लावताना सुपारीपेक्षा मोठे तेवढेच वाफ्यात घ्या. बोराच्या बीएवढे बारीक असतात ते वेगळ्या कोपऱ्यात पुरून ठेवा, ते ह्या वर्षी फुलणार नाहीत, आणि मग मला परत पत्र येईल.